कढईपुढील यजमानीण

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या शहरांतील मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत जीं नवीं यंत्रें शिरलीं, त्यांत 'एअर फ्रायर' या यंत्राइतका वाद दुसऱ्या कोणत्याहि यंत्रानें माजविला नसेल. मिक्सर आला तेव्हां पाट्यावरवंट्यासाठीं चार सुस्कारे निघाले आणि थांबले. प्रेशर कुकर आला तेव्हां त्याच्या शिटीची थोडी भीति वाटली आणि गेली. या यंत्राच्या बाबतींत मात्र दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो कीं, यानें तळणाचें पाप धुऊन काढलें. पाहुण्यांना हवें तितकें तळलेलें खाऊं घाला, तेल लागणार नाहीं आणि प्रकृतीलाहि धोका नाहीं. दुसरा तट म्हणतो कीं, यानें पाहुणचाराचा गळा घोटला. पूर्वीं पाहुणा आला म्हणजे कढई चढत असे, आतां बटण दाबलें जातें, आणि बटण दाबून केलेल्या आगतस्वागतांत जिव्हाळा कोठून येणार? पहिल्या तटावर विक्रेते आणि त्यांचे भाविक ग्राहक आहेत. दुसऱ्या तटावर आमच्या वयाचे, आमच्यासारखेच शिकलेले, पुष्कळसे गृहस्थ आहेत. आमच्या मतें हे दोन्ही तट चुकले आहेत. परंतु दुसऱ्या तटाची चूक अधिक घातक आहे, कारण तिच्यावर संस्कृतीचें पांघरूण आहे. आणि तें पांघरूण ओढून काढण्यासाठींच आम्हीं ही लेखणी उचलली आहे.

प्रथम हें यंत्र म्हणजे काय तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण या वादांतील अर्धा गोंधळ केवळ नांवामुळें झालेला आहे. मूळ कल्पना हॉलंडमधील फ्रेड व्हान डर वेय यांची. फिलिप्स कंपनीनें २०१० सालीं बर्लिन येथील प्रदर्शनांत तें यंत्र लोकांपुढें मांडलें. डब्याच्या आंत वरच्या बाजूस विजेनें तापणारी तार असते, तिच्यावर पंखा असतो आणि खालीं जाळीदार टोपली असते. तार तापते, पंखा ती तप्त हवा टोपलींतील पदार्थाभोंवतीं वेगानें फिरवितो. बहुतेक यंत्रांत उष्णता २०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतां येते. झालें, एवढेंच! यांत तळण्याची क्रिया कोठेंहि नाहीं. ही एक लहान, बंद आणि चपळ भट्टी आहे. हिला 'फ्रायर' म्हणणें म्हणजे टांग्याला नौका म्हणण्यासारखें आहे; दोन्हींत बसून प्रवास होतो हें खरें, परंतु टांगा पाण्यांत घातला तर काय होईल तें सांगण्याची गरज नाहीं.

तळणें आणि भाजणें यांतील भेद केवळ शब्दांचा नव्हे. तेल हें पदार्थाला सर्व बाजूंनीं एकदम कवटाळतें आणि आपली उष्णता त्याला झपाट्यानें देतें. हवा हा उष्णता वाहून नेण्याच्या कामीं फार दुबळा पदार्थ आहे, म्हणूनच तिला पंख्याच्या चाबकानें पळवावें लागतें. बेसनाचें ओलें पीठ १७०-१८० अंशांच्या तेलांत पडतांक्षणींच बाहेरून आवळतें, आंतील पाण्याची वाफ होऊन तें फुगतें आणि त्याचें भजें होतें. तेंच पीठ जाळीच्या टोपलींत सोडलें तर तें आवळण्यापूर्वींच जाळींतून खालीं ठिबकतें, आणि जें वर उरतें तें भजें नसून भज्याचें प्रेत असतें. बटाटेवड्याचीहि तीच गत. जिलबी आणि अनारसा यांचें तर नांवच काढावयास नको. हें ज्यांना माहीत आहे ते विक्रेते तरीहि डब्याच्या खोक्यावर तळणाचीं रसरशीत चित्रें छापतात. मग गृहिणी पहिल्याच दिवशीं भजीं करावयास जाते, फसते, यंत्र माळ्यावर चढतें, आणि दोष तिच्या हाताला दिला जातो! दोष नांव ठेवणाऱ्याचा आहे.

प्रकृतीच्या दाव्यांतहि तथ्य आणि अतिशयोक्ति यांची अशीच भेसळ आहे. तथ्य एवढेंच कीं, तेल कमी लागतें. एका मोठ्या चमचाभर तेलांत सुमारें १२० कॅलरी असतात; आणि बाजारांतील बटाट्याच्या तळलेल्या वेफर्सच्या वजनाचा सुमारें तिसरा हिस्सा स्निग्धांशाचाच असतो. टोपलींतील पदार्थाला एक-दोन चमचे तेलाचा हात पुरतो, म्हणजे हा लाभ खरा आहे. परंतु त्यावरून कोणी हें यंत्र म्हणजे धन्वंतरीचा कलश समजूं लागला तर त्यास आम्ही एका गोष्टीची आठवण देऊं. बटाट्यासारख्या पिष्टमय पदार्थांत १२० अंशांच्या वर ॲक्रिलामाइड नांवाचें अनिष्ट द्रव्य तयार होतें, हें २००२ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. तें तळण्यांत होतें, भाजण्यांत होतें आणि भट्टींतहि होतें. तेल वगळल्यानें तें टळत नाहीं. बटाटा कापल्यावर कांहीं वेळ पाण्यांत भिजत ठेवणें आणि तो काळपट होऊं न देतां सोनेरी रंगावर काढणें, हाच त्यावरचा घरगुती उपाय. शिवाय तेल वांचलें म्हणून ज्यानें चौपट खाल्लें, त्यास कोणतें यंत्र तारणार? सारांश, प्रकृतीसाठीं या यंत्राचें कौतुक करावयाचें तर तें बेतानें करावें.

मग या यंत्राचा खरा गुण कोणता? तो एका साध्या गोष्टींत आहे. पदार्थ आंत ठेवून झाकण लाविलें कीं त्याच्यापाशीं कोणास उभें राहावें लागत नाहीं. हाच तो गुण, आणि याच गुणाला दुसरा तट दोष समजतो.

आतां आम्ही त्या दुसऱ्या तटाकडे वळतों. आपल्याकडे पाहुण्यांसाठीं होणाऱ्या तळणाचा एक अलिखित नियम आहे: पदार्थ गरम पाहिजे. गरम पाहिजे म्हणजे पाहुणे बसल्यावर तळला पाहिजे. आणि पाहुणे बसल्यावर तळावयाचा म्हणजे तळणारी व्यक्ति त्यांच्यांत बसूं शकत नाहीं. पाहुणे सहा असोत किंवा आठ, पहिला घाणा बाहेर जाऊन संपतो तों दुसरा तयार लागतो, दुसरा संपतो तों तिसरा. बाहेरून हांक येते, "वहिनी, तुम्हीहि या ना बाहेर!" आंतून उत्तर जातें, "तुम्ही घ्या गरम गरम, मी आलेंच." हें "मी आलेंच" महाराष्ट्रांतील स्वयंपाकघरांतून किती पिढ्या उच्चारिलें गेलें असेल, आणि त्यांपैकीं किती वेळां तें खरें झालें असेल? ती येते ती पदराला हात पुसत, निरोपाच्या वेळीं. आणि तिला सांगितलें जातें कीं भजीं फार सुरेख झालीं होतीं. दोन तास जी चर्चा झाली, जीं जुनीं नांवें निघालीं, जो विनोद झाला, त्यांतलें कांहींहि तिच्या वांट्याला आलेलें नसतें. पाहुणे वस्तुतः घराला भेटावयास येतात. भेटून जातात ते अर्ध्या घराला.

आमच्या प्रतिपक्षाला ही व्यवस्था पवित्र वाटते. त्याचें म्हणणें असें कीं, श्रमाशिवाय प्रेम दिसत नाहीं; धुरांत आणि आंचेंत उभें राहून जें केलें तेंच खरें आतिथ्य. आम्ही त्यास एकच प्रश्न विचारतों: श्रम हें जर प्रेमाचें माप असेल, तर बैठकींत तक्क्याला टेकून बसलेल्या यजमानाचें प्रेम किती भरलें? त्याच्या बाजूला तर एक घाणाहि नाहीं! दुसऱ्याच्या पाठीवर मोजलेल्या श्रमावर स्वतःच्या आतिथ्याची कीर्ति उभारणें यास उदारपणा म्हणत नाहींत. व्यवहारांत यास उसनवारी म्हणतात, आणि तीहि परत न केलेली.

हे गृहस्थ अशा वेळीं उपनिषदाचा आधार काढतात. काढोत, तो आधार त्यांच्यावरच उलटतो. अतिथीला देव मानावें ही आज्ञा तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींत आहे. ती कोणाला केलेली आहे? अध्ययन पुरें करून घरीं निघालेल्या शिष्याला. आचार्य त्याला सत्याचा, धर्माचा, स्वाध्यायाचा उपदेश करितात आणि त्याच ओघांत मातेचा, पित्याचा, आचार्याचा आणि अतिथीचा मान राखण्यास सांगतात. हा उपदेश कित्येक विद्यापीठांच्या पदवीदान समारंभांत आजहि मोठ्या थाटानें वाचला जातो, आणि आमच्या व्यवसायामुळें तो ऐकण्याचा प्रसंग आम्हांवर अनेकदां आलेला आहे. म्हणजे आज्ञा झाली ती स्नातकाला! आमच्या समाजानें त्यांत एक मोठी सोयीची दुरुस्ती केली. ज्याला आज्ञा झाली होती तो पदवीधर दिवाणखान्यांत बसला, आणि जिचें त्या वाक्यांत नांवहि नव्हतें ती कढईपुढें उभी राहिली. शास्त्राची इतकी सुखावह टीका कोणत्याहि भाष्यकारानें लिहिली नसेल.

ही दुरुस्ती किती खोल गेली आहे तें पाहावयाचें असेल तर मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाकडे पाहावें. त्या कार्यक्रमाला आमच्या भाषेंत 'कांदेपोहे' असें नांवच पडून गेलें. दोन माणसांच्या आयुष्याचा निर्णय ज्या बैठकींत व्हावयाचा, तिला एका खाण्याच्या पदार्थाचें नांव मिळावें, आणि तो पदार्थ घेऊन येणारी व्यक्ति हीच परीक्षेचा विषय असावी, यांत सर्व कांहीं आलें. पाहुण्यांपुढें बशी ठेवणें हें तेव्हांपासून स्त्रीच्या लायकीचें प्रमाणपत्र होऊन बसतें आणि तें प्रमाणपत्र तिला पुढें प्रत्येक पाहुण्यागणिक नव्यानें मिळवावें लागतें.

"पण बायकांनाच याची हौस असते," असा एक आक्षेप नेहमीं येतो. हौस असते हें आम्हांस मान्य आहे. करून घालण्यांत खरा आनंद आहे आणि तो आनंद ज्याला ठाऊक नाहीं तो कमनशिबी समजावा. परंतु हौस ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. जी गोष्ट न केली तरी कोणी बोल लावीत नाहीं ती हौस; जी न केल्यास बोल लागतो ती सक्ति. पाहुण्यांपुढें नुसता चहा आणि बिस्किटें ठेवणाऱ्या गृहिणीविषयीं परततांना जिन्यांत काय बोललें जातें तें आठवून प्रत्येकानें स्वतःच निर्णय करावा. ज्या घरीं स्वयंपाकाला बाई आहे तेथें हा प्रश्न सुटला असें समजणेंहि भाबडेपणाचें आहे; तेथें पाठ बदलते, कढई तीच राहते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो चवीचा. पावसाळ्याच्या संध्याकाळीं कढईंतून निघालेल्या कांदाभज्याची सर कोणत्याहि भट्टीला येणार नाहीं. अगदीं मान्य! आमचें कढईशीं वैर नाहीं. पाऊस पडत असावा, घरचींच माणसें असावींत, सर्वांनीं स्वयंपाकघरांत ओट्याभोंवतीं उभें राहून झाऱ्यावरचें भजें फुंकर घालीत उचलावें आणि तळणाराचा हात भरून आला कीं झारा दुसऱ्यानें घ्यावा. या सोहळ्याच्या आड येणारा यंत्रवादी आम्ही नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जेथें एकीनें तळावयाचें आणि इतरांनीं भिंतीपलीकडे बसून खावयाचें, तेथें तळणाचा हट्ट सोडावा. आणि तळण सोडलें म्हणजे खमंगपणा गेला असें समजण्याचें कारण नाहीं. पदार्थाचा पृष्ठभाग कोरडा होऊन तापला कीं त्यांतील प्रथिनें आणि साखर यांच्या संयोगानें तांबूस रंग आणि खमंग वास उत्पन्न होतो. १९१२ सालीं लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानें ही क्रिया वर्णन केली. तिला आंच लागते, तेलाची कढई लागत नाहीं.

शिवाय वरून आंच देण्याची ही रीत परकी आहे असें कोण म्हणतो? चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरची भानोळी खालीं विस्तव आणि वरच्या झांकणावर निखारे ठेवूनच भाजली जात असे. गोव्याच्या बेबिंक्याचा एकेक थर वरच्या विस्तवावरच शेकला जातो, आणि त्यासाठीं नारळाच्या सोडणांचे निखारे वापरण्याची चाल आहे. आमच्या आज्यांनीं झांकणावर जे निखारे ठेविले त्यांच्या जागीं तार आली आणि फुंकणीच्या जागीं पंखा आला, इतकाच काय तो फरक.

आतां नुसतें खंडन करून थांबणें हें वादपटूस शोभेल, गृहस्थास शोभणार नाहीं. म्हणून या यंत्रांत पाहुण्यांसाठीं काय उत्तम होतें तेंहि सांगितलें पाहिजे. नियम एकच ध्यानांत ठेवावा. जो पदार्थ आधींच शिजलेला आहे किंवा जो मुळांतच भाजावयाचा आहे, तो येथें साधतो. ज्याला पातळ पिठाचें कवच हवें तो साधत नाहीं.

तिखटामिठाच्या पदार्थांत पहिला मान अळूवडीचा. तिचे उंडे आदल्या दिवशीं उकडून ठेवितां येतात. वड्या कापाव्या, दोन्ही बाजूंना तेलाचा हात फिरवावा आणि १८० अंशांवर दहा-बारा मिनिटें ठेवून मध्यें एकदां उलटाव्या. वाफेनें त्या शिजलेल्याच असतात. उरलेलें काम फक्त कुरकुरीतपणाचें, आणि तें हें यंत्र चोख करतें. कोथिंबीर वडीची कृति हीच. सुरण, कच्चें केळें, रताळें किंवा कोंकणांतला नीरफणस यांचे पातळ काप हळद, तिखट, मीठ लावून, सुरण असल्यास त्यास आमसुलाचें पाणी अवश्य चोळून, रव्यांत घोळवावे आणि १९० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटें भाजावे. येथें तेलाची अगदींच कंजुषी करूं नये. जेथें तेल लागत नाहीं तेथें रवा पांढरा आणि कचकचीत राहतो. चक्का, आलें, लसूण आणि तिखट लाविलेलें पनीर २०० अंशांवर आठ-दहा मिनिटांत होतें. अधिक ठेविल्यास तें रबरासारखें होतें. मखाणे तूप आणि मिरपूड लावून १६० अंशांवर सहा-सात मिनिटें पुरतात. पापड भाजावयाचा तर त्यावर लहानशी जाळी ठेवावी. नाहींतर तो पंख्याच्या वाऱ्यानें उडून वरच्या तारेला चिकटतो.

गोडांत आम्ही पिकलेल्या राजेळी केळ्याला अग्रपूजेचा मान देऊं. वसईच्या सुकेळ्यांनीं ज्याची कीर्ति केली तेंच हें केळें. त्याच्या जाड चकत्यांना तूप, किसलेला गूळ आणि वेलची लावून १८० अंशांवर आठ-दहा मिनिटें ठेविल्यास गूळ कडेला वितळून तांबूस होतो. वर ओलें खोबरें घातलें म्हणजे दुसऱ्या पक्वान्नाची आठवण राहत नाहीं. राजेळी न मिळाल्यास साधें पण घट्ट केळें घ्यावें. नानकटाई १५० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटांत होते; बाहेर काढतांना ती मऊ लागते म्हणून कच्ची समजून पुन्हां आंत ढकलूं नये, निवल्यावर ती आपोआप खुसखुशीत होते. करंजीच्या कडा घट्ट मुरडून, वरून तूप लावून ती १६० अंशांवर तितक्याच वेळांत भाजतां येते. मात्र तिला 'भाजलेली करंजी' असेंच म्हणावें. तळलेल्या करंजीचें नांव घेऊन ती पुढें केली तर खाणारा मनांत तुलना करतो आणि ती हरते. स्वतःच्या नांवानें आली तर तिचा स्वतःचा गुण दिसतो. पदार्थाशींहि खोटें बोलूं नये.

यंत्रागणिक दोन-चार मिनिटांचा फरक पडतो, तो एकदां करून पाहून ठरवावा. टोपलींत पदार्थ एकावर एक रचूं नयेत, एकेरी थर द्यावा; हवेला फिरण्यास वाट नसेल तर पदार्थ उकडल्यासारखे लिबलिबीत होतात. त्यामुळें आठ पाहुण्यांना दोन खेपा लागतात, आणि तीस माणसांच्या समारंभाला हें यंत्र उपयोगी नाहीं हें उघडच सांगितलेलें बरें. विजेचा खर्च म्हणाल तर पंधराशें वॅटचें यंत्र वीस मिनिटें चाललें तरी अर्ध्या युनिटापेक्षां अधिक वीज जाळीत नाहीं. ज्यास यंत्रासाठीं कांहीं हजार रुपये घालणें शक्य नाहीं वा रुचत नाहीं, त्यानें झांकण ठेवून जाड तव्यावर किंवा आप्पेपात्रांत यांतील निम्मे पदार्थ करावे. आमचा आग्रह यंत्राचा नाहीं, बेताचा आहे.

तो बेत असा: पांचांना पाहुणे यावयाचे असतील तर वड्या कापून, काप घोळवून, केळ्याला गूळ लावून सर्व कांहीं सकाळींच किंवा दुपारीं तयार असावें, केळें तेवढें आयत्या वेळीं चिरावें, म्हणजे काळें पडत नाहीं. नानकटाई चारालाच होऊन निवत पडावी. पाहुणे आले, पाणी झालें कीं वड्या आंत जाव्या. कुशलप्रश्न संपतात तों त्या तयार. वड्या खाल्ल्या जात असतांना केळें आंत. या सगळ्यांत कोणाला तरी तीन-चार वेळां एकेक मिनिट उठावें लागतें. उरलेला सर्व वेळ घरांतील प्रत्येक माणूस पाहुण्यांच्या समोर बसलेला असतो. हें "कोणाला तरी" आम्हीं जाणूनबुजून लिहिलें आहे. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' निघालें आणि वाटी-चमच्याच्या मापानें स्वयंपाक ही ज्याला त्याला वाचून करण्याजोगी विद्या झाली. या यंत्रानें तर तिचें रूपांतर अंश आणि मिनिटें या दोन आंकड्यांत केलें आहे. ज्या गृहस्थाला आगगाडीचें वेळापत्रक वाचतां येतें, त्याला अळूवडी भाजतां येत नाहीं ही सबब यापुढें चालणार नाहीं.

आणि येथेंच आम्हांस सर्वांत मोठी भीति वाटते, ती प्रतिपक्षाची नव्हे, स्वपक्षाची. यंत्र घेतलें म्हणजे सुटका झाली असें समजणारे सुधारक आम्हीं पुष्कळ पाहिले. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनीं १९८३ सालीं एक ग्रंथ लिहून असें दाखविलें कीं, घरांत यंत्रें आलीं तरी गृहिणीचें काम कमी झालें नाहीं. यंत्रांनीं पुरुषांच्या आणि मुलांच्या वांट्याचीं कामें नाहींशीं केलीं आणि गृहिणीकडून होणाऱ्या अपेक्षा मात्र वाढविल्या. आमच्याकडे वेगळें काय होणार? पूर्वीं एक पदार्थ पुरत असे, आतां "यंत्र आहे ना, मग काय कठीण?" म्हणून पांच पदार्थ मागितले जातील, आणि सकाळपासून त्यांची तयारी करणारीं बोटें तींच असतील. कढईपुढची यजमानीण सुटून टोपलीपुढें उभी राहिली तर आम्ही काय मिळविलें?

ही शंका काल्पनिक नाहीं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, जीं माणसें घरकाम करतात त्यांतील स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटें वेळ त्या विनामोबदला कामांत जातो, पुरुषांचा ९७ मिनिटें. २०२४ च्या पाहणींत हे आंकडे २८९ आणि ८८ असे निघाले. वाचकांनीं वजाबाकी करून पाहावी. पांच वर्षांपूर्वीं अंतर २०२ मिनिटांचें होतें. पांच वर्षांनंतर तें २०१ मिनिटांचें झालें. या पांच वर्षांत घराघरांत किती यंत्रें आलीं असतील! स्त्रियांचीं दहा मिनिटें वांचलीं हें खरें; पण पुरुषांनींहि स्वतःचीं नऊ वांचवून घेतलीं. पांच वर्षांच्या प्रगतीचें फळ एक मिनिट! या एका मिनिटाला कोणतेंहि यंत्र जबाबदार नाहीं. याला जबाबदार तो स्नातक आहे, ज्याला उपनिषदानें आज्ञा केली होती आणि जो अजून उठलेला नाहीं.

म्हणून आमचें सांगणें दोन्ही तटांना आहे. विक्रेत्यांनीं भाजण्याला तळणें म्हणणें सोडावें. तें यंत्र स्वतःच्या गुणावर खपण्याजोगें आहे. आणि आतिथ्याचा अंत झाला म्हणून शोक करणाऱ्या आमच्या समवयस्क बंधूंनीं येत्या रविवारीं पाहुणे बोलवावे, दुपारीं स्वतः सुरण सोलावा, हाताला खाज सुटली तर आमसूल चोळावें, काप स्वतः टोपलींत लावावे आणि पाहुण्यांसमोर पत्नीच्या शेजारीं बसून ते खावे. त्यानंतरहि पूर्वींचाच पाहुणचार अधिक जिव्हाळ्याचा होता असें त्यांस वाटलें, तर त्यांनीं तसें खुशाल म्हणावें. परंतु म्हणण्यापूर्वीं तो पूर्वींचा पाहुणचार ज्यांनीं उभ्यानें केला, त्यांना एकदां विचारून घ्यावें.